छातीत दुखणं, धाप, चक्कर : घाटाखालच्या प्रा. आ. केंद्रात नेमकं काय आणि कुठल्या क्रमाने बघायचं?

बंधपत्रित_एमओ (प्रश्न)

सिंधुदुर्गातलं किनाऱ्याजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. हाताशी बारा लीडचं ईसीजी मशीन, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, ऑक्सिजन, नेब्युलायझर, इमर्जन्सी ट्रे आणि पुरवठा असेल तेव्हा ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) कार्डं. एक्स-रे नाही. १०८ लगेच मिळाली असं धरलं तरी कॅथलॅब (अँजिओप्लास्टी होते ती जागा) दोन तासांच्या पलीकडे.

'छातयेत दुखता' म्हणणारे ओपीडीत रोज असतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे, चिरेखाणीत काम करणारे, 'पित्त झालाहा, इंजेक्शन देवा' म्हणणारे, आणि गणपतीत किंवा शिमग्याला गावी आलेले साठीचे चाकरमानी. छातीत दुखण्याच्या कारणांची जी यादी कॉलेजात पाठ केली ती वॉर्डात भरती झालेल्यांची होती. ओपीडीतल्या गर्दीला ती लागू पडत नाही.

विचारायचं ते असं. ईसीजी कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही काढला तरी चालेल? पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर? लोडिंग डोस (अटॅकच्या संशयात सुरुवातीलाच द्यायचा मोठा डोस) कधी द्यायचा, कधी थांबायचं? पावसाळ्यात तापासोबत छातीत दुखतं म्हणणाऱ्यांचं काय? आणि चक्कर येणाऱ्यांसाठी पाच मिनिटांत होणारी तपासणी कोणती?

घाटाखाली (एमडी मेडिसिन)

यादीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. प्राथमिक स्तरावर छातीत दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण छातीची भिंतच असते: स्नायू, बरगड्या, बरगडीचा कूर्चा. हृदयाचं दुखणं त्या मानाने थोडं, आणि अटॅक त्याहून थोडे. पण त्या दिवशी दगावतो तो या थोड्यांतलाच. त्यामुळे 'कशाने दुखतंय' याचं उत्तर उद्या मिळालं तरी चालतं. 'याला आज घरी पाठवता येईल का' याचं उत्तर आजच हवं.

सुरुवात केसपेपरच्या खिडकीवर होते. तिथे बसणाऱ्याला तीन शब्द सांगून ठेवा: छाती, धाप, घाम. यातला एक जरी कानावर आला तर पेशंट रांगेत उभा राहत नाही, थेट आत येतो. आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे. तेवढ्यात नाडी, दोन्ही हातांचं बीपी, पूर्ण एक मिनिट मोजलेला श्वास आणि सॅच्युरेशन. तळवा आणि कपाळ हाताने बघा. थंड घाम यंत्रात दिसत नाही. वरचं बीपी ९० च्या खाली, सॅच्युरेशन ९० च्या खाली किंवा थंड घाम असेल तर इतिहास बिछान्यावरच घ्यायचा.

ईसीजी कुणाचा? तिशीच्या वर आणि दुखण्याचं कारण डोळ्यांना दिसत नसेल (मार, नागिणीचे फोड) तर प्रत्येकाचा. तिशीच्या आत असेल पण घाम, धाप, भोवळ, डायबेटिस, तंबाखू किंवा घरात कमी वयात अटॅक असेल तर त्याचाही. कागद वाया गेला तर जाऊ दे.

आता इतिहास. 'चालताना दुखतं का' हा प्रश्न आपल्याकडे फुकट जातो, कारण दुखायला लागल्यापासून माणूस चालणंच कमी करतो आणि प्रामाणिकपणे 'नाय' म्हणतो. पाखाडी (पायऱ्यांची चढण) विचारा. 'घरची पाखाडी चढताना कितव्यांदा थांबावं लागतं? गेल्या महिन्यात कुठवर न थांबता जात होता?' अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून येणारं दुखणं) साधारण त्याच चढाला, त्याच टप्प्यावर येतो, थांबलं की काही मिनिटांत ओसरतो. जेवून लगेच चढलं तर लवकर येतो, म्हणून लोक त्याला गॅस समजतात. चाकरमान्यांच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. मुंबईत लिफ्टने वर जाणारा माणूस गावी सामान घेऊन पाखाडी चढतो. वर्षभराचा पहिला श्रम तोच असतो.

रापण ओढणाऱ्याचं स्नायूचं दुखणं याच्या उलट वागतं. बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होतं, ठराविक हालचालीला येतं, तास-दीड तास तसंच राहतं, थांबल्याने जात नाही आणि कूस बदलल्यावर वाढतं. मात्र रापण ओढतानाच सुरू झालेलं आणि दोरी सोडल्यावर गेलेलं दुखणं स्नायूचं धरू नका. कामाकडे बघून निदान करायला गेलं की इथेच फसायला होतं.

पेशंट दाखवतो कसं तेही बघा. अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो की एका बोटाने जागा दाखवतो? डाव्या हाताबद्दल सगळे विचारतात. उजव्या हातात किंवा दोन्ही हातांत जाणारी कळ अटॅककडे त्याहून जास्त बोट दाखवते. जबडा, दात, पाठीचा वरचा भाग विचारा. क्षणभर टोचून जाणारं किंवा चार दिवस अखंड एकसारखं असलेलं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी.

दाबून बघायचं ते नीट. दुसऱ्या ते पाचव्या बरगडीचे सांधे एकेक करून अंगठ्याने दाबा आणि विचारा: 'हेच दुखणं, की हे वेगळं?' दाबल्यावर कुणालाही थोडं दुखतंच. 'हेच' असं उत्तर आलं तरच त्याला वजन. तेव्हाही ईसीजी रद्द होत नाही. बरगडीचा कूर्चा सुजलेल्या माणसाला अटॅक येऊ शकतो.

जर्मनीत प्राथमिक केंद्रांसाठी केलेला मारबर्ग स्कोअर उपयोगी आहे. पाच मुद्दे, प्रत्येकी एक गुण: वय (पुरुष ५५, स्त्री ६५ आणि पुढे), आधीचा रक्तवाहिन्यांचा आजार, श्रमाने वाढणं, दाबून तेच दुखणं न येणं, आणि पेशंटला स्वतःलाच हृदयाचं वाटणं. ० ते २ म्हणजे धोका कमी. पण वयाची रेघ आपल्याकडे तशीच्या तशी वापरू नका. इंटरहार्ट या अटॅकवरच्या अनेक देशांतल्या अभ्यासाच्या २००७ च्या विश्लेषणात पहिल्या अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षं आलं, इतर देशांत ५८.८. वयाचा मुद्दा दहा वर्षं खाली आणून बाकीचे चार वाचावेत, असं माझं मत. ते मोजून तपासलेलं नाही, पण चूक झालीच तर ती रेफर करण्याच्या बाजूला होईल.

गॅसबद्दल स्पष्ट लिहितो. पॅन्टोप्राझोल किंवा अँटासिड देऊन बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं, असं होत नाही. सॉर्बिट्रेटने (जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी) बरं वाटलं म्हणून हृदयाचंच, असंही नाही. अन्ननलिकेची उबळही त्याने सुटते. औषध देऊन निदान करण्याचे हे दोन्ही प्रकार सोडून द्या. वयस्कर बायका आणि जुने डायबेटिसवाले यांच्यात छातीत दुखत नसतानाही अटॅक असतो: अचानक धाप, बेंबीच्या वर जळजळ, उलटी, घाम, किंवा नुसतं 'माका बरां वाटणा नाय'. अशा जळजळीला ईसीजी आधी, कोकम आगळ नंतर.

बाकीची तीन कारणं थोडक्यात. पाठीत आरपार गेलेली, सुरुवातीलाच सगळ्यात जोरात असलेली कळ, आणि दोन हातांच्या वरच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक: महाधमनी फाटल्याचा संशय. इथे ॲस्पिरिन नाही, लायसिस (इंजेक्शनने गुठळी विरघळवणं) तर नाहीच. एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही आणि ठोकल्यावर पोकळ आवाज: न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठणं). फुफ्फुस साफ, सॅच्युरेशन कमी, नाडी जलद, एक पाय सुजलेला किंवा नुकतंच बाळंतपण अथवा ऑपरेशन: फुफ्फुसात गुठळी. आणि एका बाजूलाच पट्ट्यासारखी आग होत असेल तर त्वचा तीन दिवसांनी पुन्हा बघायला बोलवा. नागिणीचे फोड दुखण्यानंतर येतात.

लीड_टू (ईसीजी तंत्रज्ञ)

डॉक्टरांनी पट्टी वाचायच्या आधी ती नीट निघायला हवी. चुका ठरलेल्या आहेत.

छातीवरच्या सहा इलेक्ट्रोडपैकी (व्ही१ ते व्ही६) व्ही१ आणि व्ही२ बहुतेक जण एक-दोन बरगड्या वर लावतात. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवा, छातीच्या हाडावर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूची बरगडी दुसरी. तिच्याखालची फट दुसरी, तिथून मोजत चौथ्या फटीत या. हाडाच्या उजव्या कडेला व्ही१, डाव्या कडेला व्ही२. मग व्ही४ आधी लावा: पाचवी फट, हासळीच्या मध्यातून खाली येणारी रेघ. व्ही३ या दोघांच्या मध्ये. व्ही५ आणि व्ही६ हे व्ही४ च्याच आडव्या पातळीत, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेघेवर. बरगडीच्या वळणाबरोबर वर नेऊ नका. बायकांमध्ये स्तनाच्या खाली. पडदा आणि सिस्टर सोबत असल्या की संकोचामुळे जागा चुकत नाही.

पट्टीवर आधी दोन गोष्टी: वेग २५, उंची १० मिमी. काही मशीन आपोआप उंची निम्मी करतात; सुरुवातीचा चौकोनी ठोकळा १० मिमी नसेल तर एसटी (ईसीजीतल्या उंच टोकानंतरचा, एरवी सपाट असलेला भाग) मोजण्यात अर्थ नाही. फिल्टर मॉनिटर मोडवर असेल तर एसटी वाकडी दिसते. डायग्नोस्टिक मोडवर, म्हणजे ०.०५ हर्ट्झवर काढा. लीड १ सगळी उलटी आणि एव्हीआर सरळ दिसली तर हाताच्या वायर बदलल्यात.

पावसाळ्यात दमट हवेने आणि घामाने इलेक्ट्रोड सुटतात. गॉजने पुसा, स्पिरिट वाळू द्या, मग जेली. जेली एका इलेक्ट्रोडवरून दुसऱ्यावर ओघळली तर व्ही१ ते व्ही३ एकसारखे दिसतात. दाट केस असतील तर तेवढीच जागा रेझरने. सगळीकडे बारीक करवतीसारखी कंपनं आली तर अर्थिंग बघा, पंखा बंद करा, मशीन बॅटरीवर चालवा. पेशंट कुडकुडत असेल तर चादर.

थर्मल कागद उन्हात आणि स्पिरिट लागून खराब होतो. निघाल्या निघाल्या सपाट टेबलावर ठेवून, सावली न पाडता फोटो घ्या. वाकडा फोटो आला तर पलीकडचा डॉक्टर अर्धा मिलिमीटर कुठून मोजणार?

बंधपत्रित_एमओ

खूप उपयोगी. एक ठरावीक प्रसंग मांडतो: पुरुष, पन्नाशी, दीड तासापासून छाती भरून आलेली, घाम. ईसीजी नॉर्मल किंवा 'काहीतरी बारीक'. ट्रोपोनिन कार्ड निगेटिव्ह. आता?

घाटाखाली

दीड तासाला कार्ड निगेटिव्ह येणारच. ट्रोपोनिन रक्तात वाढायला ३ ते ६ तास लागतात, आणि कार्डाची संवेदनशीलता लॅबच्या टेस्टपेक्षा कमी. लवकर केलेलं निगेटिव्ह कार्ड केसपेपरवर लिहूसुद्धा नका. पुढचा वाचणारा त्यावर विसंबतो. पॉझिटिव्ह आलं तरी कारण शोधावं लागतं: किडनी निकामी, हृदयस्नायूचा दाह, विंचूदंश, सगळ्यांत येतं.

दुखणं चालू असेल तोवर दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी परत काढा. इलेक्ट्रोड काढू नका, तिथेच राहू देत, म्हणजे दोन पट्ट्यांची तुलना खरी होते. 'काहीतरी बारीक' जिथे लपतं त्या जागा या:

एव्हीएल. खालच्या बाजूचा अटॅक सुरू होताना लीड २, ३, एव्हीएफ अजून सरळ असताना एव्हीएलमध्ये एसटी खाली किंवा टी उलटी दिसू शकते. लीड ३ आणि एव्हीएल शेजारी ठेवून वाचायची सवय लावा.

व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली. याला नुसता 'इस्केमिया' (रक्त कमी पडणं) म्हणून सोडू नका. पाठीमागचा अटॅक असू शकतो. व्ही४, व्ही५, व्ही६ च्या वायर काढून पाठीवर त्याच पातळीत लावा: काखेची मागची रेघ, खांद्याच्या फऱ्याचं टोक, कण्याच्या डाव्या कडेला. तिथे अर्धा मिलिमीटर एसटी वर असली तरी पुरे.

खालचा अटॅक दिसला की व्ही४ ची वायर उजव्या बाजूला त्याच जागी लावा. तिथे एसटी वर असेल तर उजवं वेंट्रिकल सामील आहे. अशाला सॉर्बिट्रेट दिलं तर बीपी कोसळतं. फुफ्फुस साफ असतील तर सलाइन २५० मिली, पुन्हा बीपी, गरज पडल्यास आणखी २५०.

व्ही२-व्ही३ मध्ये एसटी किती वर असेल तर मोजायची: चाळिशीच्या वरचा पुरुष २ मिमी, चाळिशीच्या आतला अडीच, स्त्री दीड. इतर लीडमध्ये १ मिमी, शेजारच्या दोन लीडमध्ये.

तुमच्या प्रसंगात तिसरा ईसीजीही नॉर्मल आला तरी हा माणूस घरी जात नाही. विश्रांतीत २० मिनिटांच्या वर टिकलेलं दुखणं आणि घाम एवढ्यावर तो अस्थिर अंजायना धरून पाठवायचा. गेल्या दोन महिन्यांत नव्याने सुरू झालेला किंवा वरचेवर वाढत चाललेला अंजायनाही तसाच.

औषधकोठार (औषधनिर्माण अधिकारी)

लोडिंग डोसबद्दल कोठाराच्या बाजूने. ॲस्पिरिन ३२५ मिग्रॅची एक, नाहीतर ७५ च्या ४. चावून खायला सांगा. कोटिंग असलेली गोळी गिळली तर उशिरा लागू होते. क्लोपिडोग्रेल ७५ च्या ४ म्हणजे ३००. वय ७५ च्या वर असेल आणि लायसिस होणार असेल तर एकच गोळी. एटोर्व्हास्टॅटिन ८०. या नऊ-दहा गोळ्या एका छोट्या पाकिटात आधीच भरून, वरती मुदत लिहून, इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवा. रात्री एक जण ड्यूटीवर असताना चार डबे उघडत बसायला नको. टिकाग्रेलॉर असेल तरी लायसिसला जाणाऱ्या पेशंटला पहिला डोस क्लोपिडोग्रेलचाच.

सॉर्बिट्रेट ५ मिग्रॅ जिभेखाली. आधी दोन प्रश्न: बीपी ९० च्या वर आहे ना, आणि सिल्डेनाफिल (२४ तास) किंवा टाडालाफिल (४८ तास) घेतलंय का. दुसरा प्रश्न नातेवाइकांना बाहेर काढून विचारा. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत ओतू नका, आपल्या हवेत दमट होतात.

ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच. सगळ्यांना मास्क लावून सिलिंडर संपवण्यात फायदा नाही.

घाटाखाली

यात एक भर: छातीत दुखणाऱ्याला कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको. पुढे लायसिस झालं तर त्या जागी रक्त साचतं, शिवाय अटॅकमध्ये हा औषधगटच टाळायचा असतो. सलाइनची सुई डाव्या हाताला. उजवं मनगट अँजिओग्राफीसाठी मोकळं ठेवा.

आता पाठवायचं कुठे. यावर लोक अडतात आणि नातेवाइकांचा जोर नेहमी 'मोठ्या हॉस्पिटलात' असतो. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर साधारण १३० किमी. पावसात एखादी दरड पडली, नाहीतर हायवेवर काम चालू असलं तर हिशेब विसरा. एसटी वर असलेला अटॅक आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, तेही निदानापासून ३० मिनिटांत. पहिल्या तीन तासांत त्याचा फायदा सगळ्यात जास्त, १२ तासांपर्यंत विचार करता येतो. म्हणून पेशंट जवळच्या अशा रुग्णालयात जातो जिथे टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज, मॉनिटर आणि शॉक मशीन आहे, आणि तिथून लायसिस झाल्यावर घाटावर किंवा गोव्याकडे. हे रुग्णालय ओलांडून थेट कॅथलॅबकडे धावणारी गाडी स्नायू वाटेत घालवते.

फोन निघायच्या आधी करा, 'इंजेक्शन आत्ता स्टॉकमध्ये आहे का' हे विचारा, ईसीजीचा फोटो पाठवा. १०८ ला ॲडव्हान्स लाइफ सपोर्टची गाडी मागा. टेनेक्टेप्लेज वजनावर: ६० किलोच्या खाली ३० मिग्रॅ, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि पुढे ५०, पंचाहत्तरीच्या वर अर्धा डोस. म्हणून तुमच्या काट्यावरचं वजन चिठ्ठीत लिहा. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, ३० ते ६० मिनिटांत. चिठ्ठीत कळ सुरू झाल्याची वेळ, प्रत्येक ईसीजीची वेळ, प्रत्येक गोळीची वेळ. आणि नकाराची कारणं विचारून घ्या: मेंदूत कधीही रक्तस्राव, सहा महिन्यांत पक्षाघात, नुकता डोक्याला मार किंवा मोठं ऑपरेशन, चालू रक्तस्राव, महाधमनीचा संशय, १८०/११० च्या वर न उतरणारं बीपी.

पेणचा_प्रवासी (जनरल प्रॅक्टिस)

लायसिस प्रा. आ. केंद्रातच का नको? इंजेक्शन एका धक्क्यात देता येतं.

घाटाखाली

इंजेक्शन सोपं आहे. गुठळी सुटताना ठोका बिघडला तर शॉक मशीन लागतं, आणि पुढचे काही तास कुणीतरी मॉनिटरसमोर हवं. हे दोन असतील आणि फोनवर फिजिशियन असेल तर केंद्रात द्यायला माझी हरकत नाही. नसतील तर लोडिंग करून गाडीत घाला. ६० ते ९० मिनिटांनी एसटी निम्म्याने खाली आली नाही तर इंजेक्शन फसलं असं धरून ताबडतोब अँजिओप्लास्टीकडे न्यायचं असतं. त्यासाठीही पेशंट पुढे सरकलेला बरा.

लाल_विंचू (वैद्यकीय अधिकारी, रायगड)

पावसाळा आणि ताप यावर लिहितो, पण त्याआधी कोकणात छातीच्या तक्रारीत मिसळणाऱ्या दोन-तीन गोष्टी, ज्या शहरी पुस्तकात मागच्या पानावर असतात.

लाल विंचू. अचानक घाम, उलटी, लाळ, हातपाय बर्फासारखे, छातीत धडधड, मग धाप. लहान मूल किंवा रात्री लाकडं-चिरे हलवणारा माणूस. दंशाची जागा कधी कधी नीट दिसतही नाही. ईसीजीत अटॅकसारखे बदल येऊ शकतात आणि कार्ड पॉझिटिव्ह येतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्राझोसिनचा उपयोग मांडला, त्यावरच आजची पद्धत उभी आहे. डोस ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो, तोंडाने, ३ तासांनी परत, हातपाय गरम होईपर्यंत. साधी १ मिग्रॅची गोळीच घ्या. एक्सएल गोळी तोडून द्यायची नसते, आणि दुकानात बहुतेक वेळा तीच हातात ठेवतात. पहिल्या डोसनंतर झोपवून ठेवा, उठला तर बीपी पडतं. विंचवाची लस (प्रतिविष) मिळत असेल तर सोबत द्या. २०११ च्या बीएमजेतल्या चाचणीत प्राझोसिनसोबत लस दिलेले लवकर सावरले. नुसता दंश दुखतोय आणि बाकी काही नाही, हातपाय गरम आहेत, तर प्राझोसिनची गरज नाही. जागा बधिर करा आणि नजरेखाली ठेवा.

फवारणी. आंबा मोहरावर आला की छाती आवळली, घाम, लाळ, उलटी घेऊन बागेतला माणूस येतो. विंचवासारखंच दिसतं. बाहुल्या बघा: ऑरगॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकात टाचणीच्या टोकाएवढ्या, विंचवात बहुधा मोठ्या. नाडी मंद आणि फुफ्फुसात घुरघुर असेल तर ॲट्रोपिन १.८ ते ३ मिग्रॅ शिरेतून, दर ५ मिनिटांनी दुप्पट, फुफ्फुस साफ होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघू नका. कपडे काढा, साबणाने धुवा, हातमोजे घाला. औषधाची बाटली किंवा तिचा फोटो मागवा. हल्लीची सगळी कीटकनाशकं ऑरगॅनोफॉस्फेट नसतात.

मण्यार. पहाटे पोटात कळ, घसा आवळल्यासारखा, छातीवर दडपण, जमिनीवर झोपलेला माणूस, दाताची खूण नाही. गॅस म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याचा धोका सगळ्यात जास्त इथे. वर बघायला सांगा, पापणी पडते का बघा. एका श्वासात अंक मोजायला लावा आणि आकडा लिहून ठेवा, अर्ध्या तासाने परत. पापणी पडली की सर्पदंशाच्या लसीच्या १० बाटल्या, आणि श्वासाची तयारी ठेवूनच गाडी.

आता ताप. भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दाबल्यावर कळवळणं, डोळे लाल पण चिपड नाही: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) धरूनच चला. त्याची रक्ततपासणी (आयजीएम) पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, त्यासाठी औषध अडवू नका. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस; गरोदर बाई आणि लहान मुलांना अमॉक्सिसिलिन. अशा तापात छातीत दुखणं किंवा खोकला म्हणजे थांबून बघा. श्वास मिनिटाला ३० च्या आसपास, सॅच्युरेशन घसरतंय, थुंकीत रक्ताची रेघ: फुफ्फुसात रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो आणि तो काही तासांत वाढतो. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम शिरेतून देऊन लगेच पाठवा. लघवी किती झाली विचारा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, किडनी आधीच अडचणीत असते, पॅरासिटामॉलच. नाडी अनियमित असेल तर ईसीजी, हृदयाचा स्नायूही सुजतो.

दोडामार्ग, सावंतवाडीच्या बाजूला काजूच्या हंगामात असा ताप आला तर माकडताप डोक्यात ठेवा. २०१६ पासून तिकडे आहे. 'रानात माकड मेलेलं दिसलं का, गोचीड चावली का' हे दोन प्रश्न.

आडवाटेची_डॉक्टर

चक्करचं राहिलं, मी लिहिते. आधी पेशंटला 'चक्कर' हा शब्द वापरू देऊ नका. 'खोली फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की पाय डगमगतात?' असं विचारा.

अंधारी: साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी, आणि झोपून बीपी घेऊन उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी परत. वरचं २० किंवा खालचं १० ने पडलं तर बीपीच्या गोळ्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांची पिशवी मागवा. टॅम्सुलोसिन आणि पाण्याची गोळी एकत्र चालू असलेले आजोबा यात कायम असतात. श्रम करताना अंधारी येऊन पडलेला माणूस मात्र हृदयाचा पेशंट, तो ईसीजीच्या टेबलावर.

खोली फिरते: कूस बदलल्यावर, मिनिटाच्या आत थांबते, कानाला काही नाही. डिक्स-हॉलपाइक करा: बसवून डोकं ४५ अंश वळवा, झटकन आडवं करून मान थोडी टेबलाखाली, डोळे उघडे, अर्धा मिनिट बुबुळं बघा. काही सेकंदांनी फिरकी सुरू होऊन ओसरली तर त्याच कुशीवरून एपली (डोकं टप्प्याटप्प्याने वळवायची क्रिया), प्रत्येक टप्प्याला ३० सेकंद. प्रोक्लोरपेराझिन महिनाभर देत राहिलं तर तोल सावरायला उलट उशीर होतो, वयस्करांचे हात कापायला लागतात.

सतत फिरतंय, चालताच येत नाही, बोलणं जड, दोन दोन दिसतंय किंवा नवी जोरदार डोकेदुखी: मेंदूचं, थांबवू नका.

धापेबद्दल एकच. सॅच्युरेशनचा आकडा घेण्याआधी बोट कोरडं आणि गरम करा, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी. मासळी बाजारातून बर्फात हात घालून आलेल्या बाईचं सॅच्युरेशन ८२ दिसतं, आणि ती तुमच्याशी आरामात भांडत असते.

बंधपत्रित_एमओ

सगळ्यांचे आभार. केसपेपरच्या खिडकीवर तीन शब्दांचा कागद लावतो, लोडिंगची पाकिटं उद्या भरायला सांगतो. प्राझोसिन साधी १ मिग्रॅ पुढच्या इंडेंटमध्ये वेगळी लिहावी लागेल का?

औषधकोठार

हो. 'प्राझोसिन १ मिग्रॅ, साधी, एक्सएल नको' असं पूर्ण लिहा. आली की स्ट्रिप उघडून बघूनच सही करा.